रेजिनाबाईंचं चौदावं प्रकरण

रेजिना डिमेलो गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी गिरगावातल्या आपल्या घरी वारल्या. आदल्या आठवड्यात त्यांनी एका जुन्या मराठी कादंबरीचं शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. ती कादंबरी वाचायला त्यांनी तीनदा सुरुवात केली होती. पहिल्यांदा भावासाठी, दुसऱ्यांदा एका कंपनीसाठी. तिसऱ्यांदा कंपनीला ‘नाही’ म्हणून.

मी त्यांना ओळखत होतो ते भोईवाड्याच्या कोर्टातल्या कारकून म्हणून. एका दैनिकासाठी मी तिथल्या बातम्या देत असे. साक्षीदाराची साक्ष टाइप झाली की ती त्याला वाचून दाखवायची आणि मगच त्याची सही घ्यायची, असा नियम आहे. दिवसभराच्या कामात हे वाचन साहजिकच भराभर होतं. रेजिनाबाईंचं होत नसे. त्या एक परिच्छेद वाचायच्या, चष्म्यावरून साक्षीदाराकडे बघायच्या आणि थांबायच्या. त्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढचा परिच्छेद सुरू व्हायचा नाही. त्याने नुसती मान हलवली तर म्हणायच्या, “मान नको, बाबा. तोंडाने.”

‘बाबा’ त्या सगळ्यांना म्हणत. आरोपीला, हवालदाराला, मलाही.

एकदा चोरीच्या खटल्यात एका वॉचमनची साक्ष झाली. जेवणाची सुट्टी जवळ आली होती. वकील म्हणाले, “बाई, मधलं सोडा. सुरुवात आणि शेवट वाचा, सही घ्या.”

बाईंनी कागद खाली ठेवले. “सोडते, साहेब. फक्त खाली तसं लिहिते. ‘मधलं वाचून दाखवलं नाही.’ चालेल?”

“अहो, वाकड्यात कशाला शिरता?”

“मी कुठे शिरते? मी इथे बसलेय.”

मॅजिस्ट्रेट हसले, वकील बसले, बाईंनी मधलं वाचलं. त्यात एके ठिकाणी ‘दरवाजा उघडा होता’ असं वाक्य आलं. वॉचमन म्हणाला, “उघडा नाय ओ. लोटलेला होता. मी ढकलला.” वाक्य दुरुस्त झालं. निकालावर त्याचा काही परिणाम झाला का, हे मी सांगू शकत नाही; निकालाच्या दिवशी मी दुसऱ्या कोर्टात होतो. नंतर बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “निकालाचं मला काय? जे तो बोलला नव्हता त्याच्याखाली त्याची सही गेली नाही. संपलं.”

बेताची उंची, छापील सुती फ्रॉक, वरून मे महिन्यातही स्वेटर, कारण कोर्टातला पंखा थेट डोक्यावर होता. चष्मा बुटाच्या काळ्या नाडीने गळ्यात अडकवलेला. वाचायला बसण्याआधी हातातली एकुलती एक सोन्याची बांगडी काढून पर्समध्ये ठेवायच्या, टेबलावर वाजू नये म्हणून. त्या बांगडीच्या आवाजाची कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. दोन वाक्यं त्यांच्या तोंडी कायम असत. एक, ‘लिहिलंय तसं.’ दुसरं, ‘आपलं काय जातं?’ बहुतेक वेळा ती जोडूनच येत. त्यांच्या चर्चमध्ये नाताळच्या आधी एका वाचनात पूर्वजांच्या नावांची लांबलचक यादी असते. ती थोडक्यात आटपण्याची मुभा होती. रेजिनाबाईंची पाळी असली की सगळी नावं व्हायची. मागच्या बाकावरचे लोक घड्याळ बघायचे. “ती माणसं होऊन गेली,” बाई म्हणायच्या, “नाव घ्यायला आपलं काय जातं?”

कुटुंब मुंबईचं मूळचं ख्रिस्ती. गिरगावातल्या एका वाडीत दगडी क्रुसाच्या बाजूला घर, पुढे ओटा. वडील गोदीत कारकून होते. संध्याकाळी ते ओट्यावर बसून जुन्या कादंबऱ्या वाचत आणि वाडीतली माणसं, त्यांत वाचता न येणारी बरीच, समोर बसून ऐकत. प्रत्येक परिच्छेदाला समोरून ‘हं’ यायला हवा, असा वडिलांचा दंडक होता. ‘हं’ आला नाही की ते पुस्तक मिटून आत जायचे. बाईंच्या कोर्टातल्या ‘हो’चं मूळ तिथे होतं, असा माझा तर्क आहे. त्यांना तो सांगितला तेव्हा त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही.

वडिलांच्या पुस्तकांपैकी एक कादंबरी त्यांच्याकडे राहिली होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची, जाड पुठ्ठ्यात बांधलेली. कोकणातल्या एका घरात जमिनीचा तंटा चालू आहे. घरातला मुलगा कोर्टाच्या कामासाठी गलबताने मुंबईला निघतो आणि त्याची खबर येत नाही. चौदाव्या प्रकरणात त्याची बायको सगुणा सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत विहिरीचं पाणी भरते. खबर येईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असं तिने मनाशी ठरवलं आहे. घरात कोणाला ते माहीत नाही. लेखक तो दिवस सांगतो. रहाट, दोर, घागर. सासऱ्यांची आंघोळ, तुळस, गुरांची पाण्याची डोण, दारी आलेल्यांना गूळपाणी. प्रकरणभर दुसरं काही होत नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी बाईंचा धाकटा भाऊ ऑस्कर याची मूत्रपिंडं निकामी झाली. त्याने लग्न केलं नव्हतं, बाईंनीही नाही. दोघं वाडीतल्या घरातच राहत. आठवड्यातून तीनदा परळच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस. सुई लावली की चार तास खाटेवर. ऑस्कर बडबड्या माणूस. कंटाळला की हात हलवायचा, सुई सरकायची, मशीन ओरडायचं. सिस्टर लता यांनी शेवटी रेजिनाबाईंना आत स्टूल दिलं आणि सांगितलं, “आंटी, ह्यांना कशात तरी गुंतवा.” बाई पुढच्या वेळी कादंबरी घेऊन आल्या. बांगडी पर्समध्ये गेली.

“रेजी, मॅच लाव ना मोबाइलवर,” ऑस्कर म्हणाला. “हे पपाचं पुस्तक कशाला? लहानपणी झोप यायची मला.”

“मग झोप. हात नाही हलणार.”

तो झोपला नाही. शेजारच्या खाटेवर लालबागच्या पुष्पा घाग होत्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, नवरा गेला. पुष्पाबाई त्याच चाळीत राहिल्या आणि त्यांची मालवणीही राहिली. दुसऱ्या की तिसऱ्या वाचनाला त्यांनी आवाज दिला, “बाय गो, जरा मोठ्यान वाच. माका अर्धांच ऐकाक येता.” बाईंनी स्टूल दोन खाटांच्या मध्ये ओढलं. पुढच्या आठवड्यात समोरच्या खाटेवरच्या माणसाने कानातले इयरफोन काढून ठेवले.

या आजारात दिवसाला मोजकंच पाणी पिता येतं. वॉर्डमध्ये आल्यावर आधी वजनकाटा. वजन वाढलेलं दिसलं की सिस्टर विचारतात, “काल किती प्यालात?” आणि माणूस खोटं बोलतो. उन्हाळ्यात काही जण बर्फाचा खडा तोंडात धरतात, गिळत नाहीत. वॉर्डमध्ये पाण्याबद्दल कोणी उगाच बोलत नाही.

त्या वॉर्डमध्ये रेजिनाबाईंनी चौदावं प्रकरण वाचलं. त्या दिवशी मी तिथे नव्हतो. पुढचं सिस्टर लता आणि पुष्पाबाई या दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं. दोघींच्या सांगण्यात फरक नाही.

सगुणा पहिली घागर वर ओढते, तिथपासून वॉर्ड गप्प झाला. ती वासराला पाणी पाजते आणि त्याच्या तोंडातून ओघळलेलं पाणी हातावर घेऊन बघते, तो परिच्छेद संपल्यावर बाई सवयीने थांबल्या. पुष्पाबाई म्हणाल्या, “हं.” पुढच्या परिच्छेदाला ‘हं’ दोन खाटांवरून आला. प्रकरण संपेपर्यंत सगळ्यांकडून येत होता. ऑस्कर मात्र एक शब्द बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, “रेजी, ती पाणी पिते की नाही?”

“प्रकरण संपलं. पुढच्यात कळेल.”

“तुला माहितेय ना? मग सांग.”

“मी कशाला सांगू? लिहिलंय तसं कळेल.”

पुष्पाबाईंनी विचारलं, “बाय, ह्यां लिवणारो मेलो असात मां?”

“कधीच. माझ्या पपाच्याही आधी.”

“बरां झालां. नायतर जावन इचारलंय असतंय, तुझी किडनी गेलली काय म्हणान. आमचां ह्येका कोणी सांगल्यान?”

वॉर्ड हसला. एका मशीनचा अलार्म वाजला, कारण हसताना कोणाचा तरी हात हलला होता.

ऑस्करला त्याच आठवड्याच्या शेवटी हृदयविकाराचा झटका आला. पंधरावं प्रकरण त्याने ऐकलं नाही.

दफन झाल्यावर काही दिवसांनी बाई पुस्तक घेऊन वॉर्डच्या दाराशी आल्या. सिस्टर लता यांना नियम मोडता येईना. “आंटी, आत पेशंटचा माणूसच येऊ शकतो. तुमचा पेशंट आता…” आतून पुष्पाबाईंचा आवाज आला, “अर्ध्यार टाकून जातंस काय गो?” बाई परत गेल्या.

कंपनी इथे येते. वॉर्डमधल्या कोणाच्या तरी मुलीने बाईंच्या वाचनाचा छोटा व्हिडिओ काढला होता. तो फिरत फिरत पुस्तकं आवाजात विकणाऱ्या एका कंपनीपर्यंत पोहोचला. लोअर परळला गिरणीच्या जागेवर उभ्या असलेल्या काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस आहे. मराठी विभाग बघणारा चिन्मय गिरगावात बाईंच्या घरी आला. जुनी पुस्तकं लोक आता डोळ्यांनी वाचत नाहीत, पण कानांनी ऐकतात, असं त्याचं म्हणणं होतं. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, झोप येत नाही तेव्हा. बाईंना हे नवीन नव्हतं. “ओट्यावर माणसं मासळी साफ करता करता ऐकायची,” त्या म्हणाल्या. त्यांनी एकच अट घातली: त्या वॉर्डला हे फुकट मिळालं पाहिजे. चिन्मयने ती लगेच मान्य केली.

कराराचे कागद आले. बाईंनी ते वाचायला घेतले आणि सांगितलं की सही सगळं वाचून झाल्यावर. सगळं म्हणजे करारही आणि कादंबरीही. कंपनीला घाई होती. सही राहिली आणि रेकॉर्डिंग सुरू झालं.

पहिल्या दिवशी काम बंद पडलं. काचेच्या पलीकडे सचिन नावाचा रेकॉर्डिंगवाला बसला होता. बाईंनी पहिला परिच्छेद वाचला, चष्म्यावरून काचेकडे बघितलं आणि थांबल्या. सचिनला वाटलं, काही चुकलं. त्यानेही मशीन थांबवलं आणि तो बाईंकडे बघत बसला. दोघं एकमेकांकडे बघत होते. शेवटी सचिनने बटण दाबून विचारलं, “काय झालं, मॅडम?”

“मला काय होणार? तुम्ही ‘हो’ म्हणा ना.”

“कशाला?”

“मग मी पुढे कशी जाऊ?”

सचिनने मान हलवली. बाई म्हणाल्या, “मान नको, बाबा.” तेव्हापासून तो प्रत्येक परिच्छेदाला बटण दाबून ‘हो’ म्हणू लागला. नंतर संपादनात हे सगळे ‘हो’ काढून टाकले जात आणि त्यांच्याबरोबर मधली शांतताही जाई. बाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, “मग ऐकणारा ‘हं’ कुठे म्हणणार?”

आणखी एक कुरबुर झाली. बाईंचे काही उच्चार ‘जरा क्लीन’ करावेत, अशी सूचना ऑफिसमधून आली. बाईंनी सचिनलाच विचारलं, “तू कुठला, बाबा?”

“सांगली.”

“छान. ज्याने सांगितलं त्याला सांग, आमच्या घरात ही भाषा मुंबईत कंपन्या यायच्या आधीपासून बोलतात. धुऊन वाळत घातलेलीच आहे.”

तो विषय पुन्हा निघाला नाही. तेरा प्रकरणं झाली.

चौदाव्याच्या दिवशी चिन्मय स्वतः स्टुडिओत आला. सचिन तिथे होता. हे संभाषण त्याने सांगितलेलं आहे आणि चिन्मयने ते नाकारलेलं नाही.

“मॅम, फोर्टीन आपण स्किप करतोय. तेरानंतर डायरेक्ट पंधरा.”

“का?”

“स्टोरी पुढे जात नाही ना. एक बाई दिवसभर पाणी भरते. अशा ठिकाणी लोक सोडून जातात, आमच्याकडे ग्राफ येतो. आपण दोन वाक्यांत सांगू, ‘सगुणा वाट पाहत राहिली’, आणि खाली हलकी बासरी.”

“ग्राफ कशाचा?”

“कोण कुठे थांबलं त्याचा.”

“थांबला म्हणजे गेला, हे कोणी सांगितलं? झोपला असेल. कुकर लावायला उठला असेल. येईल परत.”

“मॅम, क्लासिक लोकांपर्यंत पोहोचायला हवं तर थोडं ट्रिम करावंच लागतं. मी पुस्तकाच्या बाजूनेच बोलतोय.”

“पुस्तकाची बाजू मधून कापून कशी घेतात, बाबा? वाट बघताना काय होतं? काही होत नाही, तेच होतं. परळला हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर जा. गावाहून आलेली माणसं बसलेली असतात. त्यांना जाऊन सांग, तुमची स्टोरी पुढे जात नाही.”

चिन्मयने सांगितलं की वरचा निर्णय झालेला आहे आणि बाईंना त्रास होत असेल तर उरलेली प्रकरणं त्यांच्याच आवाजात मशीनकडून वाचून घेता येतील. तेरा प्रकरणांएवढा आवाज त्याला पुरतो.

“माझ्या आवाजात?”

“हो. कळणारसुद्धा नाही.”

“आणि ते मशीन चौदावं वाचणार नाही.”

“नाही.”

बाईंनी पुस्तक मिटलं, पर्समधून बांगडी काढून हातात घातली. “म्हणजे मी जे वगळलं नाही, ते मी वगळलं असं माझ्याच आवाजात लोकांना ऐकू येणार. अशी साक्ष मी वर्षानुवर्षं कोणाची होऊ दिली नाही. स्वतःची कशी होऊ देऊ? सही झालेली नाही, चिन्मय. होणार नाही.”

त्या लिफ्टने खाली आल्या आणि डिलाईल रोडने चालत निघाल्या. थोडं पुढे गेल्यावर दम लागला म्हणून एका इराण्याच्या हॉटेलात बसल्या आणि तिथून मला फोन केला. कायद्याने कंपनी ती तेरा प्रकरणं वापरू शकते का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सहीशिवाय वापरू नये, असं एका वकील मित्राने सांगितलं. कंपनीने ती वापरली नाहीत आणि बाईंना दिलीही नाहीत.

चिन्मयशी मी नंतर बोललो. तो म्हणाला, “त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण वगळलेलं प्रकरण मी त्या दिवशी घरी जाऊन वाचलं. आधी वाचलं नव्हतं.”

तिसरं वाचन गिरगावातल्या घरात झालं. कपाटाच्या दोन्ही दारांवर गोधड्या टाकल्या होत्या आणि बाई त्या दारांच्या मध्ये खुर्ची घालून बसायच्या, मोबाइल कपड्यांच्या कप्प्यात ठेवून. वाडीत स्कूटर यायची, कबुतरं यायची, क्रुसापुढे कोणीतरी मोठ्याने बोलत उभं राहायचं. तेवढा परिच्छेद त्या पुन्हा वाचत. या सुमारास त्यांच्या हृदयाची तक्रार वाढली होती. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं होतं.

“मग हे काय चाललंय?” मी विचारलं.

“बोलणं कमीच केलंय. वाचणं म्हणजे बोलणं नाही. बोलतो तो लेखक.”

त्यांनी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली होती. वॉर्डने चौदा प्रकरणं ऐकलेली आहेत, तब्येत अशी आहे, तर निदान पंधराव्यापासून वाचा, असं मी सुचवलं.

“त्या खाटांवर तीच माणसं आहेत, असं तुम्हाला वाटतं? ऑस्करच्या खाटेवर आता कोण आहे, मला माहीत नाही. त्याने काय मधूनच ऐकायचं?”

मी पुन्हा सुचवलं नाही.

एक प्रकरण झालं की त्या ते पुष्पाबाईंच्या फोनवर पाठवायच्या. पुष्पाबाई फोन उशाशी ठेवून वॉर्डमध्ये हळू आवाजात लावायच्या. सिस्टर लता यांची त्याला परवानगी होती. इथेही बाईंनी दंडक घातला. ऐकून झालं की वॉर्डमधून ‘हं’ रेकॉर्ड करून पाठवायचा, नाहीतर पुढचं प्रकरण येणार नाही. एकदा ‘हं’ यायला पाच दिवस लागले, कारण पुष्पाबाईंना ताप होता. बाईंनी पाच दिवस काही पाठवलं नाही. पुष्पाबाईंनी मग नुसता ‘हं’ पाठवला नाही. “हं, हं, हं. झालां समाधान? म्हातारे, मी मरतंय हंयसर आणि तुका हुंकार होयो!” बाईंनी तो संदेश मला दोनदा ऐकवला.

चौदावं प्रकरण गणपतीनंतर रेकॉर्ड झालं. पूर्ण, प्रत्येक परिच्छेदानंतरच्या थांब्यासकट. मग पंधरावं. पंधराव्यात तिन्हीसांजेला निरोप्या दारात येतो. सगुणा आधी त्याला पाणी देते. मग त्याने तोंड उघडण्याआधीच आत जाते आणि स्वतः तांब्याभर पाणी पिते. खबर चांगली की वाईट, हे लेखक त्यानंतर सांगतो. वॉर्डमधून त्या दिवशी ‘हं’ आला नाही. पुष्पाबाईंचा संदेश आला, “प्याली. निरोपाची वाट नाय बघल्यान, प्याली. भले!”

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, शिवडीच्या दफनभूमीत. त्यांना एकटीने जायला नको म्हणून टॅक्सीने बरोबर गेलो होतो. भोवती सगळीकडे कुटुंबं कबरी धूत होती, फुलं आणि मेणबत्त्या लावत होती. बाईंनी ऑस्करच्या कबरीवर झेंडू ठेवला, बाजूच्या कठड्यावर बसल्या, बांगडी काढून पर्समध्ये ठेवली आणि पुस्तक उघडून पंधरावं प्रकरण वाचायला लागल्या. आवाज कोर्टातल्याएवढाच. शेजारच्या कबरीवरचे लोक वळून बघायला लागले, मग त्यांतले दोघे-तिघे जवळ येऊन ऐकत उभे राहिले. प्रत्येक परिच्छेदाला बाई चष्म्यावरून दगडाकडे बघत, थांबत, मग पुढे जात. सगुणा पाणी प्यायल्यावर त्या थांबल्या त्या जरा जास्त वेळ.

परतताना टॅक्सीत मी विचारलं, “तो ‘हो’ म्हणाला नाही, तरी पुढे गेलात?”

“घरच्या माणसाला तेवढी सवलत असते,” त्या म्हणाल्या.

शेवटचं प्रकरण त्यानंतर रेकॉर्ड झालं. ते पुष्पाबाईंना शनिवारी संध्याकाळी मिळालं. रविवारी सकाळी बाई गेल्या. सोमवारी दुपारी दफन झालं. चिन्मय आला होता, सचिनही. पुष्पाबाईंना येता आलं नाही. सोमवार त्यांचा डायलिसिसचा वार होता.

त्या दुपारी वॉर्डमध्ये शेवटची फाइल लावली गेली. कादंबरी संपल्यावर तिच्यात काही वेळ काहीच ऐकू येत नाही, फक्त कबुतरं. मग रेजिनाबाईंचा आवाज येतो: “वाचून दाखवलं. बरोबर आहे?” त्यापुढे रेकॉर्डिंग बराच वेळ तसंच चालू आहे.

पुष्पाबाई “हो” म्हणाल्या. मग बाकीच्या खाटांवरूनही ‘हो’ आला. ऑस्करच्या खाटेवर एक नवीन पेशंट होता, तोही म्हणाला. सिस्टर लता तेव्हा वॉर्डमध्ये होत्या. सगळ्यांनी तोंडाने सांगितलं, याला त्यांनी दुजोरा दिला आहे.